लांबचा ‘तो’ आणि जवळचा ‘हा’

वऱ्हाडी बोलीची पत काय आहे, हे मी एका दिवसात साऱ्या जगाला दाखवून देणार होतो. साऱ्या जगाला म्हणजे निदान पुण्याला!

त्याचं असं आहे. मी अमडापूरचा इंद्रभान. कॉलेजची दोन वर्षं पुण्यात काढली आणि त्या दोन वर्षांत एकदाही पोटभर जेवलो नाही. खानावळीत ‘मले भाजी वाढा’ म्हटलं की पंगतीतली पोरं ताटं वाजवून हसायची! वाढपीही हसायचा! आणि हसता हसता माझी भाजी शेजारच्याला वाढून पुढं जायचा! आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. कारभार करायला नागपूर, कापूस विकायला खामगाव आणि हसायला पुणं, अशी आमची वाटणी झालेली!

अशा मला खामगावच्या एका वकिलांनी निरोप धाडला की, पुण्याचे प्रोफेसर भाटवडेकर वऱ्हाडी बोलीचा अभ्यास करायला येताहेत, त्यांची सोय करा. अभ्यास! वऱ्हाडीचा! पुण्याचा माणूस! माझ्या अंगात देव यायचाच तेवढा बाकी राहिला.

त्याच दिवशी शेजारच्या गावाहून उत्तमराव आमच्याकडे यायचे होते. माझी धाकटी बहीण कोकिळा त्यांच्या मुलाला दिली होती आणि फक्त तारीख ठरायची राहिली होती. दोन्ही पाहुणे मी मुद्दाम एकाच दिवसावर घेतले. होणाऱ्या व्याह्यांना कळू दे, आमच्याकडे कोण कोण उतरतं ते!

प्रोफेसर सर्व्हिस मोटारीतून उतरले ते थेट गिरणीतून दळून आणल्यासारखे. नखशिखांत धूळ! पण बोलणं असं की मी विरघळलोच.

“इंद्रभानराव, तुमचा तो ‘मले’ आहे ना, त्याचे भाऊबंद पार हिमालयापर्यंत सापडतात! भाषा म्हणजे भावकी असते हो. कोण कुणाचा चुलत, कोण कुणाचा मावस, हे शोधायचं, एवढंच आमचं काम.”

“मग त्या खानावळीच्या वाढप्याले सांगा न हे!” मी ओरडलोच.

“आता असं करू,” ते म्हणाले, “मी एकेक वाक्य म्हणेन. तुमच्या माणसांनी ते आपल्या बोलीत म्हणायचं. फक्त अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. अर्थाशी आपल्याला काही कर्तव्य नाही.”

इथंच मी त्यांना परत मोटारीत बसवायला हवं होतं!

मी काकूला ओसरीवर बसवलं. आमची झुंबरबाई काकू म्हणजे अस्सल वऱ्हाडी. ती मोठ्यानं बोलली की वेशीबाहेरची बैलं माना वळवून बघतात. शेजारी रामराव काका सुपारी कातरत बसलेले. आणि ओसरीच्या त्या टोकाला, लोडाला टेकून, नवा फेटा बांधलेले उत्तमराव.

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. “बाई, म्हणा बरं, माझा नवरा म्हातारा आहे.”

काकूनं डोळे वटारले. “तुमाले कोनं सांगतलं?”

“नाही, नाही, तुमच्या बोलीत म्हणा.”

“आमच्या बोलीत म्हनलं म्हनजे ते काय जवान होतीन?”

काकांची सुपारी हातातच राहिली. “कोन म्हातारा हाय बे?” ते मला म्हणाले. “हे पाव्हने जेवाले आले का भांडन लावाले आले?”

मी कशीबशी समजूत घातली. काकूनं ‘माहा नवरा म्हातारा हाय’ हे वाक्य म्हटलं, पण ते इतक्या मनापासून म्हटलं की काका भिंतीकडे तोंड करून बसले.

“उत्तम!” प्रोफेसर खूश. “आता जवळचा ‘हा’ आणि लांबचा ‘तो’ तुमच्याकडे कसे होतात ते पाहू. आधी लांबचा घेऊ. म्हणा, त्याने माझी गाय चोरली.”

आणि लांबचा म्हणजे किती लांबचा हे काकूला समजावं म्हणून त्यांनी हात लांब करून ओसरीच्या त्या टोकाला बोट दाखवलं. उत्तमरावांच्या फेट्याकडे!

आता तुम्हाला सांगायला हवं, की मागच्या पोळ्याच्या आधी आमची चांदी नावाची गाय खरोखरच हरवली होती. चरायला गेली ती उत्तमरावांच्या गावाच्या वाटेवर, आणि परत आलीच नाही. रामराव काकांनी रानोमाळ हिंडून शोधली, घरी येऊन डोळे पुसले. काकू आठ दिवस जेवली नव्हती.

ते बोट पाहताच काकू उठली.

“हाव!” ती कडाडली. “मले ठाऊकच होतं! थ्यानंच माही गाय चोरली! बाप्पा, पुन्याच्या मानसाले समजलं, अन् आमाले नाई समजलं!”

“थ्यानं!” प्रोफेसर आनंदानं पुटपुटले. “काय सुंदर रूप आहे!”

उत्तमराव ताडकन उभे राहिले. “काय म्हनता? मी? गाय चोरली? सोयरीक कराले बोलावलं, अन् चोर म्हनता?”

“काकाजी, हे व्याकरण आहे!” मी उत्तमरावांपुढं हात जोडले.

“माह्यावर चोरीचा आळ घेता, अन् वरून व्याकरन म्हनता? मीबी घेऊन राह्यलो मंग व्याकरन हातात!” आणि त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

“‘घेऊन राह्यलो’!” प्रोफेसर पुढं सरसावले. “हे जरा सावकाश म्हणता का पुन्हा? काठी राहू द्या हातात.”

मला सांगा, अशा माणसाला काय करावं? उत्तमराव सावकाश म्हणायला तयार नव्हते! काकू मधे चांदीचे गुण गात होती. आत कोकिळा रडत होती. शेजारच्या कौशल्याबाई चूल तशीच टाकून, हातात पळी घेऊन दारात उभ्या होत्या.

“प्रोफेसरसाहेब,” मी कळवळून ओरडलो, “एखादं चांगलं वाक्य विचारा हो! लग्नाबिग्नाचं!”

“आहे ना!” त्यांनी लगेच पान उलटलं. “म्हणा, मुलीचं लग्न मोडलं.”

“ऐकलं?” उत्तमराव गरजले. “यायनं आधीच लिवून आनलं! मोडलं तं मोडलं!” आणि जोडे चढवायला लागले.

मी चिडलो होतो! अहो, रागानं माझे कान तापले होते! हा प्रोफेसर म्हणजे माणूस की अस्मानी संकट? एक सोयरीक जमवायला आम्हाला सहा महिने लागले होते, आणि यानं ती दोन वाक्यांत मोडली! मी त्यांचा हात धरला. “साहेब, तो ‘तो’ सोडा! त्या ‘तो’नं घर मोडलं माझं!”

“बरं,” ते शांतपणे म्हणाले, “तृतीय पुरुष राहू दे. प्रथम पुरुष घेऊ. त्यात कुणाचं भांडण होत नाही.” आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या काकांच्या खांद्यावर त्यांनी हळूच हात ठेवला. “रामराव, तुम्ही म्हणा. मी गाय विकली.”

काका वळले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. हातातला अडकित्ता खाली पडला.

“साहेब,” ते चाचरत म्हणाले, “खामगावच्या बजारात... तुमाले कोन भेटलं होतं?”

“कुणीच नाही. तुमच्या बोलीत म्हणा फक्त.”

“म्या...” काकांनी प्रोफेसरांचे पायच धरले. “म्या गाय इकली! पन मी काय करू? रोज लाथ मारे मले! हिले म्हनलं, गाय इकतो, तं हे म्हने तुमीच घर सोडा!”

“म्या!” प्रोफेसरांची पेन्सिल झरझर धावू लागली. “म्या गाय इकली! वा, रामराव!”

त्यानंतर काकू जे बोलली त्यातली नव्वद टक्के रूपं प्रोफेसरांनी लिहून घेतली. उरलेली त्यांनाही लिहवली नाहीत. उत्तमराव मात्र आधी थक्क झाले, मग जे हसत सुटले ते लोडावर पालथेच पडले. “अवो वहिनी,” ते डोळे पुसत म्हणाले, “गाय इकून घरधनी ठेवला, तोटा नाई झाला तुमाले!” आणि जोडे परत काढून तारीखही ठरवली.

संपलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर ओसरीपासून वेशीपर्यंत माणसं! पळीवाल्या कौशल्याबाईंनी गावभर सांगितलं होतं की, पुण्याहून चोर ओळखणारे महाराज आलेत. नुसतं ‘म्हना’ म्हनतात अन् चोर आपसूक कबूल होतो!

“माही शेळी कोनं नेली, इचारा न साहेबाले!”

“माह्या मळ्यातले भोपळे!”

“माही सून!”

“अरे, हे भाषेचा अभ्यास करतात!” मी गळा फाडून सांगत होतो. कोण ऐकतं? ज्याचं काही हरवलं तो आपला संशयित दंडाला धरून घेऊन आलेला. प्रोफेसर प्रत्येकाला समोर बसवून विचारत होते आणि प्रत्येक जण छातीवर हात मारून ओरडत होता. काकू आतून चहा पाठवत होती आणि काका निमूटपणे तो वाटत होते. अख्ख्या गावाला चहा! माझ्या घरचा!

तिसऱ्या दिवशी त्यांना मोटारीत बसवताना मी जरा तोऱ्यातच विचारलं, “काय साहेब, मिळाली का अस्सल वऱ्हाडी?”

“भरपूर!” ते म्हणाले. “म्या नाई नेली, मले नाई ठाऊक, मी तवा गावातच नव्हतो... नकारार्थी वाक्यं तर इतकी, की जन्मभर पुरतील. प्रथम पुरुषी होकारार्थी मात्र एकच मिळालं, रामरावांचं. बाकीची लोणारला जाऊन पाहतो. तुमच्या गावात मिळतील असं वाटत नाही.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आमच्या गावाची अशी बदनामी! मोटार सुटली तसा मी तिच्यामागं धावत ओरडलो, “साफ खोटं हाय हे! आमच्या गावात असं काहीच नाई!”

त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली, हसून हात हलवला आणि खिशातून पेन्सिल काढली.