बसली इम्पालात, पडली डॉजमध्ये

जुन्या हिंदी सिनेमात नायिकेची गाडी दरीत कोसळली की माणसं हळहळतात. आमचे नाणीअण्णा चिडतात. "आयक," माझ्या दंडाला बोट टोचून ते म्हणतात, "बसली इम्पालात, पडली डॉजमध्ये. मध्ये गाडी कुठं बदलली तिनं? पेट्रोल पंपावर?" खरी अमेरिकन गाडी दरीत ढकलणं सिनेमावाल्यांना परवडायचं नाही, म्हणून कड्यावरून लोटायला ते भंगारातलं एखादं धूड आणत. रडण्याच्या नादात प्रेक्षकांना ते कळत नसे. नाणीअण्णांना कळतं, आणि त्यांना कळलं की मग कुणालाच धड रडता येत नाही.

मी पुण्याहून बंगळुरात आले ती जयनगरात, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. घरमालक मराठी आहेत या आनंदात मी बाकी काही चौकशी केली नाही. मोहित्यांचं हे घराणं कैक पिढ्यांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि परत जायचं विसरलं. नारायणरावांचं कानडी शेजारपाजारात नाणी झालं, त्याला अण्णा चिकटलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "स्वल्प चहा घेणार काय?" मी म्हटलं, थोडा घेईन. "मग मी काय बोललो?" ते म्हणाले. माझं मराठी वर्तमानपत्रातलं आहे, असं त्यांचं मत तेव्हापासून आहे.

या गृहस्थांनी जन्मात गाडी घेतली नाही. चालवता येत नाही. एका कारखान्याच्या भांडारात नटबोल्ट सांभाळून ते निवृत्त झाले, आणि सगळा प्रवास स्कूटरवर केला, तोही इतक्या हळू की सायकलवाले मागून घंटी मारत. मी एकदा खवचटपणे विचारलं, "अण्णा, इम्पालात कधी बसला आहात का हो?" ते शांतपणे म्हणाले, "देवळात जाणारा माणूस देवाच्या मांडीवर बसतो काय?"

नटनट्यांची नावं त्यांना ठाऊक नाहीत. त्यांच्या लेखी नायिका म्हणजे 'ती फेअरलेनवाली' आणि खलनायक म्हणजे 'तो काळ्या प्लिमथचा'. सिनेमाची गोष्ट ते अशी सांगतात: "ब्यूकवाल्याची पोरगी स्टुडबेकरवाल्याला आवडती. मग ब्यूकवाला काय सोडतोय? घातली गाडी आडवी. बंपर गेला." पोरीचं पुढे काय झालं, हे विचारायची सोय नाही. सध्याच्या गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आमच्या गल्लीत झाडून सगळ्या गाड्या धुऊन, केळीचे खुंट बांधून उभ्या असतात. नाणीअण्णा त्या रांगेवरून एकदा मान फिरवतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "साबणाच्या वड्या. त्यापण वापरून झिजलेल्या." प्रसाद मात्र सोडत नाहीत.

कोपऱ्यावरचे एक वृद्ध वारले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो. बैठकीत टीव्ही होता, आवाज बंद करून ठेवलेला, पडद्यावर जुना सिनेमा चालू. त्यांच्या पत्नी डोळे पुसत शेवटची रात्र सांगत होत्या. आणि नाणीअण्णा ठासून म्हणाले, "फिफ्टी-सेव्हन!" त्या माउली म्हणाल्या, "नाही हो, बहात्तर पूर्ण झाली होती." मी पदरात तोंड लपवलं. लोकांना वाटलं, पुण्याची असून मन मऊ आहे हिचं.

सगळ्यात मोठा वैताग म्हणजे हा माणूस चुकत नाही. मी चुकवायचा प्रयत्न करून पाहिला. इंटरनेटवरून दुर्मिळातलं दुर्मिळ मॉडेल पाठ करून गेले, तर ते म्हणाले, इंटरनेट चुकीचं आहे, त्यांना कळव. दुसऱ्या ठिकाणी बघितलं, तर खरंच इंटरनेट चुकीचं होतं. त्यांची बायको शारदाक्का म्हणते, "सारखा बरोबर असणारा माणूस शेजारी असावा, घरात असू नये."

घरातलं मला नंतर कळलं. त्यांचा एकुलता एक मुलगा सुधी अमेरिकेत असतो. लहानपणी बापलेक टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे आणि गाडी आधी कोण ओळखतो याची शर्यत लावायचे. सुधीनं तिकडेच एका नागपूरच्या मुलीशी चार माणसांत लग्न उरकलं आणि त्याचा व्हिडिओ आईवडिलांना पाठवला. दोघं नवी साडी, नवा सदरा घालून गाडीतून उतरताहेत. शारदाक्का सुनेचा चेहरा बघून रडायला लागली. फोनवर नवरानवरी दोघंही ऐकत होते, आणि नाणीअण्णा म्हणाले, "अय्यो, अमेरिकेत राहून जपानी गाडी? छी!"

ते 'छी' सुनेला लागलं. सुधीनं फोन ठेवला. बापानं एवढंच म्हणावं, की चुकलो. पण नाणीअण्णांचं उत्तर ठरलेलं, "गाडी वाईट ती वाईट. त्यात माझं काय चुकलं?" सुधी आईशी बोलायचा, बापाचं नाव काढायचा नाही. बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी नाणीअण्णांच्या फोनवर एक फोटो आला. जुन्या सिनेमातली गाडी, खाली एक अक्षर नाही. अण्णांनी नाव आणि साल कळवलं. तिकडून नुसता अंगठा आला. तेव्हापासून दर रविवारी फोटो, उत्तर, अंगठा. बापलेकांचं आठवड्याचं बोलणं एवढंच.

मागच्या महिन्यात शारदाक्का बहिणीच्या नातवाच्या बारशाला देवनहळ्ळीला गेली होती. रविवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली. बघते तर नाणीअण्णा कठडा घट्ट धरून, पायानं एकेक पायरी चाचपत वर येताहेत. दारात आल्या आल्या त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"सुधीचं आलंय. सांग, मागचे दिवे किती?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. म्हटलं, "तुम्हीच बघा की."

"दिसत असतं तर तुझा जिना चढलो असतो काय?"

मग सगळं बाहेर आलं. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही. फोटो आला की शारदाक्का वर्णन करते आणि हे ओळखतात. मी विचारलं, "आणि टीव्हीवरच्या गाड्या?" ते म्हणाले, "ते सिनेमे पाठ आहेत गं. कुठल्या वळणावर कुठली येती, झोपेत सांगीन."

"मग सुधीला सांगत का नाही?"

"सांगितलं तर फोटो बंद करेल तो. मग काय? 'अप्पा, तब्येत कशी?' 'बरी.' संपलं. तब्येतीवर माणूस किती बोलणार?"

मला फार वाईट वाटलं. या माणसाची मी दोन वर्षं येता-जाता टिंगल केली होती, आणि हा कसल्या काळजीत बसला होता. मी फोन हातात घेतला.

"पांढरी गाडी आहे."

"रंग कोण विचारलं? बैलपण पांढरा असतो. बूड सांग, बूड."

"मागे पंखांसारखं आहे. आडवं. त्याखाली गोल दिवे. या बाजूला तीन, त्या बाजूला तीन."

नाणीअण्णांचा चेहरा उजळला. "इम्पाला. साठ सालची. एकोणसाठला एका बाजूला एकच दिवा, मांजराच्या डोळ्यासारखा. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

मी टाइप करायला घेतलं, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाले, "एकोणसाठ लिही."

"अहो, आत्ताच तर तुम्ही..."

"लिही, म्हटलं ना."

मी लिहून पाठवलं. अंगठा आला नाही. फोनच वाजला. मी तो स्पीकरवर घेतला.

"अप्पा, एकोणसाठ?" सुधीचा आवाज खोलीभर घुमला. "तीन-तीन दिवे दिसत नाहीत काय तुम्हाला? नीट बघा!"

"बघतोय की," नाणीअण्णा माझ्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "एकोणसाठच."

सुधी पेटला. पंखांचा बाक, दिव्यांची ठेवण, साठ साली कंपनीनं काय बदललं, सगळं तावातावानं सांगायला लागला. बापानंच कधीतरी शिकवलेलं असणार. नाणीअण्णा मध्ये मध्ये धडधडीत खोटं ठोकून देत होते आणि तो आणखी भडकत होता. मी हातवारे करून विचारलं, हे काय चाललंय? त्यांनी फोनवर तळवा दाबला.

"बरोबर सांगितलं की अंगठा येतो, पोरी. बोलू दे त्याला स्वल्प."

मी चहा टाकायला गेले. चहा उकळला, गाळला, निवला, तरी भांडण चालूच होतं. शेवटी सुधी दमला. म्हणाला, "अप्पा, जन्मात एकदा तरी म्हणा हो, चुकलो म्हणून."

"सरी, बरं," नाणीअण्णा म्हणाले. "चुकलो. तेव्हापण मीच चुकलो रे, सुधी."

सुधी हळू आवाजात म्हणाला, "थांबा अप्पा, इथंच आहे ती. देतो तिला."

उभ्या जगाला गाड्या शिकवणारा हा माणूस एकदम घाबरला. फोन छातीशी धरून माझ्याकडे तोंड वळवून विचारायला लागला, "आता तिला काय विचारायचं गं?"

"जेवलीस का, विचारा. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ आहे."

मी स्पीकर बंद केला, त्यांनी फोन कानाला लावून विचारलं. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण बराच वेळ बोलत होती, आणि नाणीअण्णा दाराच्या चौकटीला टेकून, मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत होते.