निरोगी माणसांची गणती

कोणत्याही सुसंस्कृत गावात मानसिक आजार नसतो. असलाच तर तो शेजारच्या घरात असतो. हे सत्य २००५ साली मांडवगण फराट्यात रीतसर फॉर्म भरून सिद्ध झालं.

पुण्याहून तपासणीपथक आलं होतं. डॉक्टर शायना यांनी देवळापुढच्या मंडपात गावच्याच बोलीत समजावलं, "लोखंडासारखा शरीरालाबी गंज चढतो असं समजा. तो रोखणारे जीन काहींच्यात जरा वेगळे असतात. स्किझोफ्रेनियाचा धोका त्यानं वाढतो का, ते बघायचंय. आजारी माणसं हवीत, तुलनेला निरोगीही हवीत."

निरोगी एकशे त्रेचाळीस निघाले. आजारी एक. (पाच जणांना 'देवाचं' होतं, दोघांना 'डोक्यात उष्णता', हे आजारात धरत नाहीत.)

तो एक म्हणजे भामाबाईंचा मल्हार. त्याला पूर्वी आवाज ऐकू यायचे. आता गोळ्या घेऊन तो रांजणगावच्या कारखान्यात पाळी करायचा. भामाबाईंनी त्याचं नाव मोठ्यानं सांगितलं आणि रांग आपोआप दोन हात मागे सरकली.

अडचण अंकिताच्या लग्नाची झाली. मल्हारच्या या बहिणीला नदीपलीकडून, दौंड तालुक्यातून, आनंदरावांच्या मुलाचं स्थळ आलं होतं. आनंदरावांनीही याच पथकाला निरोगी म्हणून रक्त दिलं, पावतीला प्लॅस्टिक चढवून घेतलं आणि ती दिवाणखान्यात लावली. मग निरोप धाडला, "रक्ताचा निकाल येऊ द्या. मंग बोलू."

आठ महिने भामाबाई निकालाची वाट बघत राहिल्या. आपल्याच रक्तातनं लेकाला काही गेलं असेल का, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही.

निकाल आला. डॉक्टर म्हणाल्या, "फरक अगदी थोडा निघाला. तसे जीन निरोगी लोकांतही सापडले. त्यावरून कोण आजारी पडंल, सांगता येत न्हाई. आईचा तर काहीच दोष न्हाई."

भामाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. आनंदरावांनी मोठ्या मनानं कळवलं, "माफ केलं. घर बघून जा."

मायलेकी गेल्या. घर उत्तम होतं. चहा पिताना मागच्या बाजूनं कोणीतरी दार ठोठावलं. आतून.

"त्यो आमचा खंडू. धाकटा भाऊ," आनंदराव म्हणाले. "बाहेरगावी असतो." (फॉर्मवरही तसंच लिहिलं होतं.)

भामाबाई उठल्या, मागे जाऊन बाहेरची कडी काढली. दाढी वाढलेला माणूस उजेडाला डोळे बारीक करून उभा होता.

"जेवलास का, बाबा?"

"कवाचं विचारताय?" खंडू म्हणाला.

अंकिता आनंदरावांना म्हणाली, "मामा, मला स्थळ पसंत न्हाई. आजारामुळं न्हाई. कडीमुळं."

पुढच्या रविवारी मल्हारनं खंडूला मोटारसायकलीवर बसवून दवाखान्यात नेलं. आनंदरावांनी परवानगी दिली, अट एकच: मोठ्या रस्त्यानं जायचं नाही. मल्हार मोठ्या रस्त्यानंच गेला.

पथक पुढे दुसऱ्या तालुक्यांत गेलं. तिथंही निरोगी माणसांची कमतरता पडली नाही. हे वाचताना ज्यांना आपल्या नात्यातलं एकही नाव आठवलं नाही, त्यांची नोंद त्याच यादीत करून घ्यावी.