गाण्याकडे तोंड करून

आमचे लखमा सर गाण्याला पाठ दाखवत नाहीत. बोईसरच्या बाजारात वरात आडवी आली, की ते बँडकडे तोंड करून उलटे चालतात. एकदा असेच केळीवाल्याच्या गाडीवर जाऊन बसले. "वाजवणाऱ्याला पाठ दावायची नाय, काका," एवढंच मला म्हणाले आणि चेपलेली केळी विकत घेऊन निघाले.

असा माणूस आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलींना मॉडर्न डान्स शिकवतो. मी सोसायटीचा सेक्रेटरी. नाचातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणूनच बहुधा सांस्कृतिक खातंही माझ्याच गळ्यात आहे. परदेशात म्हणे हल्ली नाच आणि संगीत एकमेकांना न विचारता आपापलं चालतात. हे कुठेतरी वाचलेलं ज्ञान मी सरांना ऐटीत ऐकवलं.

"भांडण झालंय का त्यांचं?" सरांनी काळजीने विचारलं.

पालघरच्या स्पर्धेत स्पीकर रंगमंचाच्या मागच्या भिंतीला टांगलेले होते. झालं! आमच्या मुली शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून नाचल्या आणि परीक्षकांना नुसत्या वेण्या दिसल्या. पालक खवळले. समितीने ठरवलं, यापुढे मुली प्रेक्षकांकडे तोंड करतील, नाहीतर सरांनी हॉलची किल्ली परत द्यावी. हे सांगायला अर्थातच मला पाठवलं.

रविवारी सकाळी उमरोळीपलीकडच्या त्यांच्या पाड्यावर गेलो. अंगणात त्यांचे वडील खाटेवर बसून तारपा फुंकत होते. वाळक्या भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य वाजवायला छाती लागते, आणि म्हाताऱ्याची छाती दम्याने पोखरलेली. एरवी तारप्याभोवती अख्खा पाडा, त्याला पाठ न दाखवता, हात गुंफून फेर धरतो. इथे सर एकटेच नाचत होते.

मध्येच सूर तुटला. म्हातारा खोकू लागला. सर एक पाय उचललेला तसाच ठेवून थांबले.

"अहो, पाय तरी टेका," मी म्हणालो.

"टेकला तं नाच संपला, असं वाटंल त्याला," सर हळूच म्हणाले. "मंग तारपा खाली ठेवील, काका. परत नाय उचलायचा."

समितीला काय सांगायचं ते मी बघेन, असं मनाशी म्हटलं, आणि किल्लीचं नाव न काढता कडेला बसलो. सरांचा पाय थरथरत होता. म्हाताऱ्याने तोंड पुसलं, श्वास गोळा केला आणि तारपा पुन्हा ओठाला लावला. पहिला सूर निघाला, तेव्हा कुठे तो पाय जमिनीला लागला.