करपल्या भाकरीची लढाई

श्रीसिद्धरामाचे पायी माथा ठेवून, सोलापूर कसब्यात सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरचे उन्हाळ्यात जे तुंबळ युद्ध जाहले, त्याची हकीकत येथे मांडिली असे. कमीजास्त वाटल्यास शेजारणींस पुसावे. त्या भिंतीस कान लावून जातीने हजर होत्या.

राजश्री नाईक चनमल्लप्पा मैंदर्गीकर बांगलादेशाचे जंगात डावा पाय खर्ची घालून घरी आले, आणि कसब्याने हार घातले, बँड लावला, मग हार सुकले आणि त्यांचे कुटुंब खाशा पार्वतम्मा तैनातीस उभ्या राहिल्या. जखम धुणे, पाणी तापवणे, कुबडी हाती देणे, सर्व बिनतक्रार केले. त्याचे दुःख नव्हते. दुःख ऐसे, की हे दांपत्य पूर्वी भांडणात नामांकित. नाईक रजेवर आले की दोहींकडून कानडी तोफखाना सुटे, आणि मग उभयतां एका ताटात जेवत. परंतु पाय गेल्यावर पार्वतम्मांनी एकदाच आवाज चढवला, तो शेजारच्या दगडाबाई उंबऱ्यात दाखल.

"अगं बये, देशासाठी पाय दिला त्येनं, आन् तू वराडतीस व्हय?"

तेथे तह जाहला. नाईकही गोड बोलू लागले. दोन वर्षे घर देवळासारखे शांत राहिले आणि पार्वतम्मांचा जीव आत कोंडला. त्यांनी नाना मसलती केल्या. आमटीत दुप्पट मीठ घातले. नाईक म्हणाले, फक्कड. तंबाखूची डबी दडवली. नाईक म्हणाले, बरे केलेस. अखेर भाकरी जाणूनबुजून कोळशासारखी करपवली. नाईकांनी दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली. ऐसा कठीण गनीम!

तो सरकारातून फर्मान सुटले, की जखमी जवान व त्यांची सेवा करणारी माणसे कैशी नांदतात याची पाहणी करावी. पुण्याहून पाहणीदार जोतीराम साहेब सायकल रिक्षातून स्वारी करून आले. दगडाबाई खिडकीत मोर्चा धरून बसल्या.

साहेबांनी पुसले, घरात कुरबुर होते काय? नाईकांनी छाती काढून जबाब दिला, की कदापि नाही, कुटुंब साक्षात देवी आहे. मग साहेब पार्वतम्मांकडे वळले, की आपणांस त्रास कोणता?

"तिला कसला तरास?" खिडकीतून जबाब आला.

साहेबांनी खिडकीस गप्प राहण्याचा हुकूम फर्मावला. दोन वर्षांत दगडाबाईंस कोणी ऐसे बोलले नव्हते. ते पाहून पार्वतम्मांस बळ चढले.

"हे भांडत न्हाईत," त्या म्हणाल्या.

साहेबांचे पेन थबकले; सरकारी त्रासांत हा त्रास धरलाच नव्हता.

"काल कोळसा वाढला ताटात. म्हनले, लई गोड! आदी ताट सरकवलं असतं की. मी काय परकी हाय, माज्याशी असं पावन्यासारखं बोलायला?"

नाईकांची मान खाली गेली. "तू दिवसभर राबतीस. वर मी कुरकुर करू? पाय न्हाई, निदान जीब तरी आवरावी."

"पाय गेला तर गेला! जीब कुनी मागितली हुती?"

दगडाबाई मध्यस्थीस धावल्या, तो नाईक कुबडी टेकून उभे ठाकले, आणि डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने गर्जना, की ती भाकरी नव्हती, फौजेतला जुना बूट होता! आणि आमटी की समुद्र? आणि तंबाखू कुठाय?

"सुम्म कूड्री!" पार्वतम्मा कडाडल्या. गप्प बसा म्हणताना देखील अहोजाहो सोडले नाही. मग कानडी तोफा धडाडल्या. मैंदर्गीचे मानपान निघाले, सासूबाईंचा उद्धार जाहला, लग्नातल्या पातळाचा रंग निघाला. साहेबांस कानडीचा गंध नव्हता. ते दोघांचे मुखावरील तेज पाहात बसले, आणि पार्वतम्मांची प्रकृती उत्तम, ऐसा शेरा मारून चहा न घेताच निघाले, कारण चहा कोणी करावा यावरही जुंपली होती.

सबब नमूद केले जाते, की तह मोडला, शेजारची चौकी उठली आणि कसब्यात फत्ते जाहली. कोणाची, ते लिहिण्यास जागा सोडली असे. उभयतांचा त्यावर अद्याप वाद चालू आहे.