लाखांदूरची सुपारी

रिटायर झालो त्या दिवशी मी हेडमास्तरी आवाजात घरात जाहीर केलं, "आता भरपूर प्रवास करीन, पण दात आणि डोळे जपून!" दात म्हणजे नागपूरहून बसवून आणलेली कवळी, आणि डोळे म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाडजूड चष्मा. स्वतःची म्हणावी अशी आता फक्त कंबरदुखी उरली आहे!

माझी पद्धत पक्की होती. एसटीत बसलं की कवळी डबीत, डबी कोटाच्या खिशात. चष्मा पेटीत, पेटी पिशवीत. गाडी खड्ड्यात आदळून कवळी जिभेलाच चावली, किंवा कारध्याच्या पुलावर चष्मा खिडकीतून वैनगंगेत गेला, तर मास्तरानं दुसरा आणायचा कुठून?

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. बायकोला घेऊन मोहाडीहून लाखांदूरला निघालो होतो धाकटीच्या, चंद्रकलेच्या, सोयरिकीसाठी. आधीची दोन स्थळं मोडली होती. निघताना पोरगी दाराशी येऊन हळूच म्हणाली, "बाबा, हे स्थळ मोडू नका जी. मुलगा मले आवडला." जन्मात तिनं काही मागितलं नव्हतं.

मुलाचे आजोबा, धनीराम आबा, वय ऐंशी, घरात शब्द त्यांचाच. त्यांच्याकडची रीत अशी, की मुलीच्या बापानं आपल्या घरची सुपारी आबांच्या हातावर ठेवायची. आबांनी खाल्ली, सोयरीक पक्की. परत केली, की उठा आणि एसटी पकडा! म्हणून बायकोनं, आनंदाबाईनं, सुपारीची डबी माझ्या कोटात घातली होती. कवळीच्या डबीशेजारीच. दोन्ही डब्या एकाच दुकानातल्या!

भंडाऱ्याला गाडी बदलली, पवनीच्या अलीकडे ती पंक्चर झाली, आणि लाखांदूरला उतरलो तेव्हा अंगाचं पार भरीत झालं होतं. मुलाचे वडील भोजराज बैलबंडी घेऊन हजर!

"घाला ना आता दात!" बायको कुजबुजली.

"बंडीत? घरी पोचल्यावर घालतो."

घरी पोचलो तर पाय धुवायला पाणी, आणि थेट वीस माणसांत सतरंजीवर! बायको बायकांत आत गेली. तिच्याबरोबर पिशवी गेली, पिशवीबरोबर चष्मा गेला. आता मुलीच्या बापानं वीस माणसांदेखत तोंडात दात बसवायचे का? मी तोंड गच्च मिटून घेतलं.

"प्रवासात तरास नाई न झाला, मास्तर?"

मी मान हलवली.

"मुलीले रोवणं येते का जी धानाचं?"

मी मान हलवली. तिला रोवणं, म्हणजे भाताची लावणी, येत नव्हती, पण बोलणार कसा!

"मास्तर बोलत काहून नाई?" मागून कुणीतरी म्हणालं. "लय गर्व दिसते!"

घाम फुटला. म्हटलं, सुपारी देऊन मोकळं व्हावं. चाचपून डबी काढली, उघडली, आणि वाकून आबांच्या हातावर उपडी केली.

भोजराज गरजले, "मास्तर! आमच्या म्हाताऱ्याच्या तोंडात एक दात नाई, आन् तुमी त्यायच्या हातावर दात ठेवता? थट्टा करून राहिले का?"

मेलो! तिसरं स्थळ गेलं. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि लाज सोडून मी बोळकं तोंड उघडलं. "माझेच आहेत हो! थट्टा कसली, दिसत नाही मला!"

आबांनी माझ्या तोंडात वाकून पाहिलं. मग हातातल्या कवळीकडे पाहिलं. मग लोटा मागवला.

"धा वर्सं झाली," आबा म्हणाले, "सुपारी कुटून खाऊन राहिलो मी."

त्यांनी कवळी धुतली आणि सरळ तोंडात घातली! जबडा इकडे फिरवला, तिकडे फिरवला, अंगठ्यानं दाबली. बसली!

"आना आता सुपारी!"

मी दुसरी डबी दिली. कडाम्! "फुटली!" आबा ओरडले. "पोरगी आमची!"

माझे डोळे भरून आले. आधीच दिसत नव्हतं, आता काहीच दिसेना.

जेवणात वडे होते. आबांनी सहा खाल्ले. मी वरणात भात कुस्करून गिळला. निघताना मी हळूच हात पुढे केला.

"राहू द्या जी लग्नापर्यंत," आबा म्हणाले. "इवायाचे दात काही परके हायेत का?"

भोजराज माझ्याकडे बघू लागले. बायकोनं कोपर मारलं. व्याही झालेला मुलीचा बाप काय बोलणार! "राहू द्या, राहू द्या!"

दोन महिने पेज पिऊन काढले. अंगात त्राण उरलं नाही, पण चंद्रकला गुणगुणत फिरायची, म्हणून काही वाटलं नाही.

लग्न लागलं. पहिली पंगत वरपक्षाची. आबा बुंदीचे लाडू कडाकडा फोडत होते. मुलीचा बाप शेवटच्या पंगतीला बसतो, तसा मी बसलो. तेव्हा कुठे आबांनी दात लोट्यात खळबळून माझ्या हातावर ठेवले. मी ते घाईघाईनं बसवले आणि पत्रावळीकडे पाहिलं.

लाडू संपले होते. वडे संपले होते. उरला होता कढी-भात. त्याला दात कशाला लागतात!