मुका गंधार

उकंडराव सरांनी भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला, तेवढ्यात फोन वाजला, आणि तो तुकडा तोंडापर्यंत पोचलाच नाही.

शाळेच्या गटावर संदेश होता. जिल्ह्यातल्या सगळ्या संगीत शिक्षकांचं वाशीमला गुरुवारपासून तीन दिवसांचं प्रशिक्षण. तिसऱ्या दिवशी प्रत्येकानं पाच विद्यार्थी आणि शाळेची पेटी घेऊन यायचं, रोजची प्रार्थना सादर करायची. समाधानकारक झाली तरच प्रमाणपत्र.

"काय झालं? कोणी गेलं काय?" सीताबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहून विचारलं.

"अजून नाई गेलं. शनिवारी माहा नंबर हाय."

आता एवढं घाबरायला काय झालं, असं कोणालाही वाटेल. प्रार्थना तर सरांनी स्वतःच रचलेली, स्वतःच चाल लावलेली: 'सकाळ झाली, शाळा भरली, ये गा देवा दारी.' पण मानोरा गावाजवळच्या सरांच्या शाळेतल्या पेटीचा मधला गंधार अकरा वर्षांपासून मुका होता. पट्टी दाबली की फुस्स, बस. सरांनी पहिल्या वर्षी दुरुस्तीचा अर्ज दिला, तो हरवला. दुसऱ्या वर्षी दिला, तर 'पहिल्या अर्जाचा संदर्भ जोडावा' म्हणून परत आला. तिसऱ्या वर्षी सरांना सवय झाली.

सवय सरांना झाली तिथवर ठीक होतं. पण सरांचा गळा असा, की ते गायला लागले की पोरं तोंडावर हात धरायची. म्हणून ते गात नसत, नुसती पेटी वाजवत, आणि पोरं पेटीच्या मागं मागं गात. पेटी जिथं फुस्स करायची तिथं पोरंही गप्प. नेमका 'शाळा'तला 'शा' आणि 'देवा'तला 'दे' त्या गंधारावर यायचा. त्यामुळं अकरा वर्षं ती शाळा रोज सकाळी गात होती: 'सकाळ झाली, …ळा भरली, ये गा …वा दारी.' त्या शाळेतून शिकून गेलेल्या पोरींची लग्नं झाली, त्या आपल्या लेकरांना तसंच म्हणून झोपवत होत्या.

सरांच्या नोकरीला चोवीस वर्षं झाली होती. या प्रमाणपत्राशिवाय पगारवाढीची निवडश्रेणी नव्हती. वर 'असमाधानकारक' असा शेरा आला तर खुलासा मागवणार. अकरा वर्षं दोनशे पोरांचा 'शा' कुठं गेला, याचा खुलासा कोणत्या तोंडानं लिहायचा?

"पेटी दुरुस्त करून घ्या की मंग," सीताबाई म्हणाल्या. "एवढं कायले भेता?"

सर दुसऱ्याच दिवशी पेटी मांडीवर घेऊन एसटीनं कारंज्याला गेले. तिथं गोविंदसिंग नावाचा म्हातारा कारागीर होता. त्यानं झाकण उघडलं, चिमटा आत घातला आणि हरभऱ्याएवढी पांढरी वस्तू बाहेर काढली.

"खडू है मास्तर. सुराच्या पत्तीत फसला होता."

"एवढंच?"

"एवढंच. फुंक मारली असती तरी निघाला असता."

सरांना रडावं की हसावं कळेना. त्यांनी तो खडू शर्टाच्या खिशात टाकला आणि घरी आले.

बुधवारी सकाळी प्रार्थनेला पेटीतून गंधार खणखणीत वाजला. अख्खी शाळा दचकून थांबली. सातवीतली वैभवी प्रार्थना सांगायची, तिनं हात वर केला.

"सर, पेटी बिघडली."

"बिघडली नाई, दुरुस्त झाली."

"नाई सर, मधातच वाजून राह्यली."

सरांनी समजावलं, फळ्यावर लिहून दाखवलं, शेवटी स्वतः गाऊन दाखवलं, तेव्हा पहिलीतलं एक लेकरू रडायला लागलं. दुपारपर्यंत निम्मी पोरं 'शा' म्हणू लागली, निम्मी गिळू लागली, आणि ते आधीपेक्षा भयंकर ऐकू यायला लागलं. प्रशिक्षण दुसऱ्या दिवसापासून होतं. सर मुख्याध्यापकांकडे गेले.

"बाबूलाल सर, मी वाशीमले जातो. तुमी तेवढा पोरायचा 'शा' अन् 'दे' पक्का करून घ्या. शनिवारी पाच जणं अन् पेटी घेऊन या."

बाबूलाल सर मूळचे कवायतीचे. त्यांनी शिट्टी गळ्यात घातली. "काळजी करू नका. बसवतो एकेकाचा 'शा'!"

प्रशिक्षण द्यायला अमरावतीहून योगिनी मॅडम आल्या होत्या. वयानं सरांच्या पोरीएवढ्या, पण हसणं माहीत नाही. कोणी गायलं की त्या लाल पेनानं वहीत काहीतरी लिहायच्या आणि पान उलटायच्या. जऊळक्याकडचे एक शिक्षक चांगले गायले असं सगळ्यांना वाटलं, पण मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही गाता, मुलं ओरडतात," आणि तो माणूस दुपारी जेवलाच नाही. उकंडराव सरांनीही ताट तसंच ठेवलं.

शनिवारी पाच पोरं आली. बाबूलाल सर खूश होते. "टनाटन झालं सर. आवाज एकदम फाटकापर्यंत!" पण मंचावर चढताना सरांनी पोरांकडे पाहिलं, तर पाचही चेहरे पिठासारखे पांढरे. समोर चाळीस शिक्षक, मध्ये मॅडम, हातात लाल पेन. सरांनी भाता ओढला.

'सकाळ झाली…' आणि गंधार आला. भीतीनं सरांचं बोट पट्टीवर अधांतरी राहिलं, खाली जाईना. भीतीनं पोरांचा तीन दिवसांचा 'शा' गेला तो गेलाच, जुनी सवय तेवढी उरली. हॉलमध्ये चिडीचूप. मग पाचही पोरं एकदम म्हणाली, '…ळा भरली.' प्रत्येक कडव्यात दोनदा तेच. प्रार्थना संपेपर्यंत सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"तिथला गंधार कुठे गेला सर?"

मेलो, असं सरांच्या मनात आलं. आता खोटं बोलून काय उपयोग? "मॅडम, खरं सांगतो. अकरा वर्षांपासून…"

"अकरा वर्षं!" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अकरा वर्षं तुम्ही मुलांना मौन शिकवताय?"

"नाई मॅडम, ते मुद्दाम नाई, ते…"

"मुद्दाम नाही, हेच तर! अगदी सहज येतं त्यांना. ऐका सगळे. गायला तर कोणीही शिकवतं. पाच मुलं एका क्षणी गप्प होतात, कोणी कोणाकडे बघत नाही, हे किती जणांच्या शाळेत होतं?"

कोणाच्याच होत नव्हतं. चाळीस जणांनी माना खाली घातल्या. "याला आपण मौनस्वर पद्धत म्हणू," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी आपण सगळे सरांच्या शाळेत जाऊ. अख्ख्या शाळेचं मौन मला ऐकायचं आहे."

टाळ्यांच्या कडकडाटात सरांना घाम फुटला. कारण शाळेत उरलेल्या पोरांना बाबूलाल सरांनी तीन दिवस शिट्टीवर तयार केलं होतं. संध्याकाळी गावात पाय ठेवला तर गल्लीतली पोरं खेळताखेळता ओरडत होती: "सकाळ झाली, शाऽऽ! ळा भरली!"

"बाबूलाल सर, काय केलं हे?"

"तुमीच म्हणलं होतं ना, पक्का करा म्हणून?"

सर घरी धावले. "अवं, माह्या शर्टाच्या खिशात खडू होता!"

"कोणता? धुतला मी तो शर्ट." सीताबाईंनी दोरीवरचा शर्ट दाखवला. खिशाला नुसता पांढरा डाग होता. "खडूसाठी कोणी एवढं बोंबलते काय? शाळेत पेटारा भरला हाय!"

रविवारी सकाळी सर पेटी आणि खडूंची कोरी पेटी घेऊन गोविंदसिंगच्या घरी उभे.

"भाऊ, हे परत बंद करून द्या."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मास्तर, साठ साल हो गये. सूर चालू करा म्हणून दुनिया आली. बंद करा म्हणून तुमी पहिले."

"विचारू नका. जिवावर बेतलं हाय."

गोविंदसिंगनं मान हलवली, एक खडू घेतला, त्याचं टोक मोडलं आणि चिमट्यानं आत बसवलं. पट्टी दाबून पाहिली. फुस्स. सरांचे डोळे भरून आले.

तरी रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पेटी गप्प होईल, पण पोरं? सोमवारी मैदानात दोनशे पोरं, बाजूला चाळीस शिक्षक, मध्ये मॅडम. सरांनी देवाचं नाव घेऊन पट्टी दाबली. फुस्स. आणि दोनशे पोरं जिथल्या तिथं गप्प झाली. तीन दिवसांची शिट्टी एका बाजूला आणि अकरा वर्षांची पेटी एका बाजूला. पोरं पेटीचीच होती. बांधावरच्या टिटवीचा आवाज तेवढा आला. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

नंतर सगळे शिक्षक पोहे खायला व्हरांड्यात गेले. मॅडम मात्र कार्यालयात पेटीजवळ बसल्या. "चाल लिहून घेते," म्हणाल्या आणि वाजवू लागल्या. सर दारातच गोठले. फुस्स. मॅडम थांबल्या. पुन्हा दाबलं. फुस्स.

"सर, हे काय आहे?"

"खडू हाय मॅडम." एकदाचं सांगून मोकळं व्हावं, असं सरांना वाटलं. "पह्यले एक होता, अकरा वर्षं. पोरं पेटीमागं गात गेली, ते तसंच पडलं. मंग तो काढला. काल दुसरा टाकला. चुकी माही हाय. शेरा मारा."

बाहेर व्हरांड्यात पोहे खाताखाता चाळीस शिक्षक सराव करत होते: '…ळा भरली, ये गा …वा दारी.' मॅडमनी उठून दार लोटलं. त्यांचा चेहरा शनिवारच्या पाच पोरांसारखा झाला होता.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"कारंज्याच्या गोविंदसिंगले. अन् माह्या बायकोले."

"बस, आणखी कोणाला सांगू नका." त्यांनी पिशवीतून सरांचं प्रमाणपत्र काढलं. सही करताना लाल पेन दोनदा अडखळलं. मग कागद सरांच्या हातात देऊन त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि सर, हात जोडते, तो खडू आता काढू नका. मौनस्वराचं परिपत्रक निघालंय."