चिंचेनं घासलेली चकती

गर्जे सरांवर अन्याय झाला तो गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊला, पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात, तपासणी समितीची गाडी फाटकात शिरायच्या तासभर आधी.

सर तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायचे. माणूस विक्षिप्त, हे आधीच कबूल करतो. पंगतीत शेवटच्या पानावर, जीपमध्ये बाकड्याच्या टोकाला, सभेत दाराशी. "सर, मधी या की!" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मध्ये काही घडत नसतं, बाळा. घडतं ते काठावर."

हे सगळं धातूवरून आलेलं. धातू कितीही गुळगुळीत दिसो, अणूंच्या पातळीवर त्याला पायऱ्या असतात. सपाटीवरच्या अणूला चहूकडून शेजारी, त्याचे हात बांधलेले. पायरीच्या काठावरचा मोकळा. आलेल्या वायूला तो धरतो, तोडतो, दुसऱ्याशी जुळवतो. वर्गात सर घोडेगावच्या बैलबाजारात शिरायचे. "दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा जुळवतो. बैल याचा त्याच्याकडे जातो. दलाल होता तसाच, पुढच्या सौद्याला तयार! उत्प्रेरक म्हणजे दुसरं काय?"

मागून कोणीतरी ओरडायचं, "सर, तो दलाली घेतो की!"

"तेवढं निसर्गात नाही," सर गंभीरपणे म्हणायचे.

त्यांची पीएच.डी. तांब्याच्या एका नखाएवढ्या चकतीवर उभी होती. पायऱ्या जास्त मिळाव्यात म्हणून ती मुद्दाम तिरकी कापलेली. गुरुवारी ती मोजणीसाठी पुण्याला न्यायची होती.

प्राचार्यांनी हुकूम सोडला: कपाटं उघडा, लॅबमधलं तांबं-पितळ चकाकलं पाहिजे. हुकूम झाला शिपाई चंद्रकलामावशींना. आख्ख्या कॉलेजात सरांबरोबर डबा खाणाऱ्या त्या एकट्याच. अणूंबद्दल ऐकावं लागेल म्हणून बाकीचे उठून जायचे. मावशींनी चकती चिंच लावून काथ्यानं घासली आणि सरांच्या तळहातावर ठेवली. मी, सरांचा विद्यार्थी, तिथंच होतो.

"तुमची लई आवडीची, म्हनून हिला दोनदा घासली. बघा की, तोंड दिसतंय!"

सरांनी ती उन्हात धरली. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पायऱ्यांचा घासून चुराडा झाला होता. ते म्हणाले, "व्हय, मावशी. लई भारी दिसती."

चकती वाया गेल्याचं प्राचार्यांना कळलं. समितीपुढं 'आमचं संशोधन' म्हणून मिरवायला काही उरलं नाही, तसे ते उसळले. "कोणी घासली? नाव सांगा, आत्ता घरी पाठवतो."

"मीच," सर म्हणाले.

आणि प्राचार्यांनी विश्वास ठेवला! जो माणूस त्या चकतीवर कोणाला श्वास सोडू देत नव्हता, त्यानं ती चिंचेनं घासली म्हणे. शनिवारी सरांच्या तासिका बंद. कारण: साहित्याचं नुकसान.

काल मी सरांच्या खोलीवर गेलो. भांडायला गेलो होतो. "खोटं का बोललात?"

सर स्टोव्हवरच्या चहाकडे बघत होते. "माझ्या वस्तूला इतक्या मायेनं आजवर कोणी हात लावला नव्हता रे," ते म्हणाले. "त्या हाताचं नाव कसं सांगू?"

हे मी मावशींना सांगितलं. त्या आधी रडल्या, मग माझ्यावरच खेकसल्या. "लिव्ह माझं नाव. घासली म्या. पन कुनी घासाय लावली, त्ये बी लिव्ह!"

लिहिलं. आता तुमचं काम. उद्या अकराला प्राचार्यांच्या दारात या. मावशी असतील, मी असेन. आत गर्दी करून शिरा आणि एकच विचारा: हुकूम कोणाचा होता? उत्तर मिळेपर्यंत हलू नका.